आरएक्स १०० चे इंजिन पुन्हा पुन्हा सीज होत असेल तर बोर करण्याआधी काय तपासावे

माझ्याकडची यामाहा आरएक्स १०० ही १९९१ सालची, वडिलांच्या वापरातली गाडी. वडिलांनी चालवणे सोडल्यानंतर ती पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या जिन्याखाली सहा पावसाळे उभी होती; नंतर मी ती रस्त्यावर आणली आणि पुढच्या दीड वर्षात तिचे इंजिन चार वेळा सीज झाले, म्हणजे पिस्टन सिलिंडरला धरून इंजिन अडकले. पहिल्यांदा मुंबईच्या रस्त्याला वाडीवऱ्हे सोडल्यावर, दुसऱ्यांदा सिन्नरच्या अलीकडे मोहदरी घाटाच्या चढाला, तिसऱ्यांदा दिंडोरीच्या पुढे वणीकडे जाताना, आणि चौथ्यांदा तर गंगापूर रोडवरच, ब्लॉकचे काम होऊन तीनशे किलोमीटरही झालेले नसताना. पहिल्या तिन्ही वेळी गाडी गॅरेजमध्ये गेली, ब्लॉक (सिलिंडर) बोर झाला, म्हणजे आतून कापून मोठा केला गेला, पुढच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा पडल्या, गाडी सुरू झाली आणि मी पैसे देऊन घरी आलो. पिस्टन मुळात धरला का, हा प्रश्न मी विचारला नाही आणि कोणी आपणहून त्याचे उत्तरही दिले नाही. चौथ्या वेळी मात्र इंजिन घरीच, कारण सापडेपर्यंत खोलायचे असे ठरवले. त्या कामात जे समजले ते इथे क्रमाने लिहीत आहे. उदाहरण आरएक्स १०० चे असले तरी राजदूत, येझदी किंवा दुसऱ्या कोणत्याही जुन्या टू-स्ट्रोकला यातला बहुतेक भाग लागू पडतो.

या प्रश्नाची घाई का करावी लागते ते आधी सांगतो. आरएक्स १०० च्या सिलिंडरचा मूळ व्यास ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर आहे. त्यातून ९८ सीसी होतात. मूळ मापानंतरचे पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायरीने मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. म्हणजे ब्लॉक चार वेळा बोर होऊ शकतो, त्यानंतर नवी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचे आतले नळकांडे, बसवावी लागते. ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ एवढ्याच काळात तयार झाली, त्यामुळे बोर न झालेला मूळ ब्लॉक आता शोधूनही सहजी हाती लागत नाही. माझा ब्लॉक दीड वर्षात ०.७५ वर आला होता आणि त्यात शेवटचीच एक पायरी उरली होती.

पिस्टन धरतो म्हणजे काय होते

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि स्लीव्ह बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पन्नास मिलिमीटरचा पिस्टन शंभर अंशांनी तापला की साधारण ०.१० मिलिमीटरने वाढतो, तर स्लीव्ह तेवढ्याच तापण्याने ०.०५५ च्या आसपास. दोघांमधली मूळ फट ०.०३ ते ०.०५ मिलिमीटरची असते हे लक्षात घेतले म्हणजे पिस्टन ठरल्यापेक्षा थोडा जरी जास्त तापला तरी फट संपते, तेलाचा थर फाटतो आणि ॲल्युमिनियम स्लीव्हला घासून चिकटते, हे सहज समजते. धूर बाहेर पडण्याच्या बाजूला पिस्टन सर्वांत जास्त तापतो, म्हणून पहिले ओरखडे बहुधा त्याच बाजूला दिसतात.

पिस्टन जास्त तापण्याची कारणे अनेक आहेत. तेल कमी पडणे, टायमिंग चुकणे, सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिन्स (बाहेरच्या पट्ट्या) चिखलाने भरणे, बोर करताना फट कमी ठेवणे ही त्यांतली नेहमीची. गॅरेजमध्ये या साऱ्यांचा विचार होतो. ज्याचा विचार सहसा होत नाही ते कारण म्हणजे कार्बोरेटरला वळसा घालून क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या बंद भागात) शिरणारी चोरटी हवा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हीच पंपाचे काम करते. पिस्टन वर जाताना तिथे ओढ निर्माण होते आणि त्या ओढीने पेट्रोलमिश्रित हवा आत येते. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली ऑइल सील, ब्लॉकखालचे पॅकिंग, इनटेकचे रबर किंवा केसचा जोड यांपैकी कुठेही बारीक वाट असेल तर त्याच ओढीने कोरडी हवा आत येते. मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, पिस्टन जास्त तापतो आणि लांब रस्त्यावर सलग रेस दिल्यावर धरतो. गावात थांबत थांबत चालवताना मात्र काहीच जाणवत नाही, आणि नेमक्या याच कारणाने हा दोष लपून राहतो. शिवाय राजदूत, येझदीसारख्या पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या गाड्यांत या चोरट्या हवेबरोबर तेलाचा थेंबही येत नाही.

खोलण्याआधी गाडी काय सांगत होती

आज मागे वळून पाहिले तर सारी लक्षणे समोर होती. गाडी तापल्यावर रेस सोडली तरी आयडलिंग लगेच खाली येत नसे. चार-पाच सेकंद वर राहून मग उतरे. आयडलिंगचा स्क्रू जवळजवळ पूर्ण सैल केलेला होता. प्लग काढला की त्याचे चिनीमातीचे टोक खडूसारखे पांढरे दिसे. यावर उपाय म्हणून दुसऱ्या बोरनंतर कार्बोरेटरचे मेन जेट (पेट्रोल येण्याचे भोक) एका मापाने मोठे टाकण्यात आले, आणि त्यामुळे प्लगचा रंग थोडा सुधारला. चोरट्या हवेला मोठ्या जेटने झाकले की दोष काही काळ दिसेनासा होतो, पण हवेचे प्रमाण रेसप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे बदलत असल्याने एका जेटने ते कधीच पूर्ण भरून निघत नाही.

इथे दोन बाजूंच्या सीलमधला फरक ओळखावा. क्लचच्या बाजूचे सील गेले तर क्रँककेस गिअर ऑइल ओढून घेते. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो, प्लग ओला आणि काळा निघतो, गिअर ऑइलची पातळी गळती नसतानाही खाली जाते. क्रँकच्या दुसऱ्या टोकाला, ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर मात्र फक्त हवा शिरते. धूर नाही, डाग नाही, तक्रार करावी असे काही नाही. त्यामुळे पहिला दोष दहा माणसे ओळखतात आणि दुसरा पिस्टन धरेपर्यंत कोणालाच दिसत नाही.

रक्तदाबाच्या यंत्राने दाबाची चाचणी

या लेखातले सर्वांत उपयोगी काम हेच आहे, आणि ते इंजिन खोलण्याच्या आधी करायचे आहे. एकदा नटबोल्ट सैल झाले की हवा कुठून शिरत होती याचा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

टू-स्ट्रोकच्या क्रँककेसची चाचणी सुमारे ६ पीएसआय दाबाने घेतात. डॉक्टरांकडे असते तसले, रबरी फुगा आणि काट्याची तबकडी असलेले रक्तदाबाचे यंत्र ३०० मिलिमीटरपर्यंत मोजते, आणि ३०० मिलिमीटर म्हणजे ५.८ पीएसआय. आईच्या जुन्या यंत्राचा दंडाला गुंडाळायचा पट्टा काढून टाकला आणि फुगा, तबकडी व नळी एवढेच वापरले. सुरुवातीला नळीचे तोंड अंगठ्याने दाबून यंत्र स्वतः दाब धरते का ते पाहून घ्यावे, नाहीतर इंजिनाचा दोष म्हणून यंत्राचीच गळती मोजली जाईल.

सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडात दोन वायसरांमध्ये धरलेला जाड रबराचा बूच बसवला. मधला बोल्ट आवळला की रबर फुगून तोंड घट्ट बंद होते. कार्बोरेटर काढून इनटेकच्या रबरात तसाच दुसरा बूच बसवला, फक्त त्याच्या बोल्टला आरपार भोक पाडून यंत्राची नळी त्यावर चढवली. दाब प्लगच्या भोकातून देता येतो, पण मग रीड व्हॉल्व्ह (इनटेकमधली एकाच दिशेने उघडणारी झडप) बंद होऊन त्याच्या बाहेरच्या बाजूची गळती कळत नाही. इनटेकमधून दिला तर इनटेकचे रबरही तपासले जाते. ऑइल पंपाची बारीक नळी ज्या तोंडाला जोडलेली असते ते कार्बोरेटर काढल्यावरही इंजिनावर राहत असेल तर तेही बंद करावे. प्लग जागेवर ठेवावा आणि पिस्टन अगदी खाली आणावा, म्हणजे वरचा चेंबर आणि क्रँककेस एक होतात. दाब याहून जास्त देऊ नये, आणि कम्प्रेसरची नळी तर लावूच नये, कारण त्याने चांगली सीलही जागेवरून उखडतात.

दर मिनिटाला १ पीएसआय, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर, एवढी घसरण चालवून घेतली जाते. माझ्या इंजिनाचा काटा ३०० वरून शून्यावर यायला चाळीस सेकंदही लागले नाहीत.

मग गळतीची जागा शोधायची. गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळीचे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवले. क्लचच्या बाजूचे सील गळत असते तर हवा गिअरबॉक्समधून येऊन पेल्यात बुडबुडे दिसले असते. पाणी शांत राहिले. ब्लॉकच्या बुडाशी साबणाचे पाणी ब्रशने लावले तेव्हा मागच्या एका कोपऱ्यात बारीक फेस धरला. आणि मॅग्नेटचे कव्हर काढून मॅग्नेटच्या मागे तेच पाणी सोडले तेव्हा आधी काही झाले नाही, मग क्रँक किंचित फिरवल्यावर फुसफुस असा आवाज येऊन खालून फेसाचा पुंजका बाहेर आला. क्रँक आणखी थोडा फिरवला की फेस थांबायचा आणि पुन्हा मूळ जागी आणला की सुरू व्हायचा. (पिस्टन वर जाऊ लागल्यावर चाचणी खरी राहत नाही, म्हणून हा फरक खालच्या थोड्याशा भागातच पाहावा लागतो.) सील नुसते फाटलेले असते तर ते सगळीकडे सारखेच गळले असते. फिरवल्याने फरक पडतो याचा अर्थ सीलच्या आतला दांडाच मध्यभागी फिरत नव्हता. मुख्य म्हणजे हेच सील दुसऱ्या बोरच्या वेळी नवे टाकलेले होते आणि त्याची पावतीही माझ्याकडे आहे.

इंजिन खोलताना

खोलण्याचे सगळे टप्पे मी इथे सांगत नाही. ज्या जागी नुकसान होते तेवढेच सांगतो.

घट्ट नट इंजिन फ्रेममध्ये असतानाच सैल करून ठेवावेत. पुढच्या स्प्रॉकेटचा नट चेन जागेवर असताना, दुसऱ्या माणसाने मागचा ब्रेक दाबून धरला की सहज निघतो. तेच काम इंजिन टेबलावर घेतल्यावर करायला गेलो तर इंजिन हातातून फिरते आणि कुठेतरी केस तडकते. मॅग्नेटचा नट सोडवताना क्रँक अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून नायलॉनची जाड दोरी आत सोडावी. पिस्टन एक्झॉस्टचे तोंड ओलांडून वर आल्यावरच दोरी सोडायची, नाहीतर ती त्या तोंडात सापडून कापली जाते. क्लचच्या बाजूचा प्रायमरी गिअर अडवायला दात आणि दात यांच्यामध्ये तांब्याची घडी केलेली पट्टी ठेवावी. लोखंडाचा तुकडा ठेवू नये.

कव्हरचे स्क्रू ही या गाडीतली सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. जपानी गाडीच्या स्क्रूचा चौफुली खाच आपल्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकापेक्षा थोडा वेगळा असतो, त्यामुळे नेहमीचा ड्रायव्हर जोर देताच वर उसळतो आणि खाच गोल करून टाकतो. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि योग्य टोक यांवर केलेला खर्च पहिल्याच कव्हरला वसूल होतो. काढलेले स्क्रू एकाच डब्यात टाकू नयेत, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला की केस फुटते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार पेन्सिलीने काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवला तर महिन्यानंतरही गोंधळ होत नाही.

मॅग्नेट फक्त त्याच्या मधल्या आट्यांत बसणाऱ्या पुलरनेच काढावे. आरएक्सचा क्रँक एकसंध नसतो. दोन तबकड्या आणि मधली क्रँक पिन एकमेकींत दाबून बसवलेल्या असतात. दांड्यावर हातोडा मारला किंवा मॅग्नेटच्या कडेला पहारीने उचकले तर त्या तबकड्या एकमेकींच्या तुलनेत सरकतात आणि क्रँक वाकडा फिरू लागतो. दिसायला काही बदलत नाही, म्हणून मारणाऱ्याला आपण काय केले ते कळतही नाही. मॅग्नेट निघाल्यावर दांड्यातली चंद्रकोरीच्या आकाराची चावी लगेच काढून ठेवावी आणि मॅग्नेट स्वच्छ कापडात गुंडाळावे, कारण ते आसपासचा लोखंडाचा कीस ओढून घेते.

ब्लॉक वर उचलताना पिस्टनखाली केसच्या तोंडात कापड कोंबल्याशिवाय गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) सर्क्लिपला हात लावू नये. ती तारेची कडी सुटली की नेमकी केसमध्ये जाते. गजन पिन ठोकून काढू नये, त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. गरम पाण्यात बुडवलेले कापड पिस्टनला दोन मिनिटे गुंडाळले की पिन अंगठ्याने सरकते. माझ्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे, चकचकीत ओरखडे होते आणि इनटेकची बाजू स्वच्छ होती, म्हणजे पातळ मिश्रणाची शंका पक्की झाली. ब्लॉकच्या बुडाशी, जिथे फेस आला होता त्याच कोपऱ्यात, स्क्रू ड्रायव्हरने उचकल्याची खोल खूण होती. ब्लॉक अडकला तर त्याला लाकडी हातोड्याने बाजूने हलके ठोकावे. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये ड्रायव्हर घालणे म्हणजे तिथे हवेसाठी कायमची वाट करून देणे होय.

सापडलेला दोष

मॅग्नेट काढल्यावर उघड्या दांड्याला अंगठा आणि तर्जनीत धरून वर-खाली हलवले. क्रँकच्या मुख्य बेअरिंगला हाताला जाणवेल असा खेळ असू नये. इथे तो जाणवत होता, आणि कान जवळ नेला तर बारीक टक्-टक् ऐकू येत होते. (ज्या इंजिनांना प्लॅटिन पॉइंट असतात त्यांत हा खेळ आणखी एका मार्गाने कळतो: पॉइंटची फट कितीही काळजीने लावली तरी ती टिकत नाही.)

केस उघडण्यासाठी दोन्ही अर्धांचे सर्व स्क्रू काढून, केसच्याच आट्यांमध्ये बोल्ट अडकवून दांड्याला ढकलणारा पुलर लावला. केस समांतर उघडत आहे ना, हे दर अर्ध्या फेऱ्याला पाहावे लागते. गिअरच्या दांड्यांच्या टोकांना असलेल्या पातळ वायसर तेलामुळे केसला चिकटून राहतात आणि नंतर धुताना वाहून जातात. केस उघडल्या क्षणी त्या मोजून, फोटो काढून ठेवाव्यात. बेअरिंग धुऊन, वाळवून हातात धरून फिरवले तेव्हा ते वाळूवर फिरल्यासारखे खरखरले. भिंगातून पाहिले तर गोळ्या फिरतात त्या कडीवर एका बाजूला ओळीने गंजाचे खड्डे दिसले.

टू-स्ट्रोकच्या क्रँक बेअरिंगला वेगळे तेल नसते. मिश्रणाबरोबर येणारे तेलाचे तुषार हीच त्याची रसद. गाडी जिन्याखाली उभी असताना सहा पावसाळ्यांची दमट हवा केसमध्ये राहिली, गोळ्या एकाच जागी टेकून राहिल्या आणि तिथे गंज धरला. मग गाडी चालू झाली, खड्ड्यांनी बेअरिंग झिजले, दांडा डळमळू लागला, डळमळत्या दांड्यावर सीलची नाजूक कड टिकेना, हवा शिरू लागली, मिश्रण पातळ झाले आणि पिस्टन धरला. सील बदलले तेव्हा नवे सीलही काही दिवसांत त्याच डळमळीने गेले. तीन वेळा बोर झाले ते या साखळीच्या शेवटच्या कडीवर.

क्रँक आणि ब्लॉक घेऊन अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरकाकांकडे गेलो. मी आधी ब्लॉक पुढे केला, तर ते म्हणाले, "दादा, ब्लॉकचं नंतर बघू, आधी क्रँक सेंटरमध्ये लावून दाखवतो." दोन्ही टोके सेंटरमध्ये धरून डायल गेज टेकवले आणि क्रँक सावकाश हाताने फिरवला, तेव्हा मॅग्नेटच्या टोकाला काटा ०.०९ मिलिमीटर फिरला. ०.०३ च्या आत हवा होता. काकांनी तबकडीवर खडूने खूण केली, पितळी हातोड्याचे दोनच ठोके दिले, पुन्हा गेज लावले, पुन्हा एक ठोका; वीस मिनिटांत काटा ०.०२ वर आला. हे काम घरी करण्यासारखे नाही. वर्षानुवर्षे हात बसलेल्या माणसाकडेच ते द्यावे.

ब्लॉक वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा असा सहा जागी मोजला. स्लीव्हला चिकटलेले ॲल्युमिनियम डिझेलमध्ये भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने हळूहळू उतरल्यावर खालचे बीड शाबूत निघाले. हलके होनिंग (आतून बारीक घासणी) करून ०.७५ चाच नवा पिस्टन ०.०४ च्या फटीवर बसला. काकांना एवढेच विनंतीने सांगितले की पोर्टच्या (स्लीव्हमधल्या वायू जाण्या-येण्याच्या भोकांच्या) कडांची धार मोडून द्यावी. बोर केल्यावर या कडा पात्यासारख्या धारदार होतात आणि रिंग त्यात अडकते. आधीच्या तिन्ही वेळी त्या तशाच सोडलेल्या होत्या.

परत बांधणी

नवी बेअरिंग सी-३, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त आतल्या फटीची घेतली, कारण क्रँकच्या बेअरिंगला तापल्यावर फुगायला जागा लागते. केस हॉट एअर गनने इतकी तापवली की पाण्याचा थेंब टाकताच उडावा. बेअरिंग आदल्या रात्री प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली होती. अशी तयारी असली की बेअरिंग स्वतःच्या वजनाने जागेवर बसते आणि ठोकावे लागत नाही. केस त्याआधी पेट्रोलने धुतली असेल तर ती पूर्ण वाळल्याखेरीज, आणि पेट्रोलचे डबे-फडकी दुसऱ्या खोलीत नेल्याखेरीज उष्णतेला हात लावू नये.

सील बसवताना दोन गोष्टी सांभाळल्या. दांड्यावर जुन्या सीलने पाडलेली बारीक खाच होती; तेल लावलेल्या अतिबारीक पेपरने तिच्यावरून गोलाकार दिशेने हात फिरवला, उभा फिरवला नाही, कारण उभ्या ओरखड्यांतून हवा सरळ आत येते. नवे सील जुन्या जागेपेक्षा सुमारे एक मिलिमीटर अलीकडे ठेवले, म्हणजे त्याची कड कोऱ्या धातूवर टेकली. तेलाचे भोक झाकले जात नाही हे आधी पाहून घेतले. दांड्यातल्या चावीच्या खाचेच्या कडा धारदार असतात. त्यांवर पातळ टेपचा एक वेढा दिला, सीलच्या कडेला ग्रीस लावले, सील पलीकडे सरकल्यावर टेप काढून घेतला. नवे सील बसवतानाच कापले जाण्याचे प्रमाण पुष्कळ आहे, आणि कापलेले आहे हे तेव्हा कोणालाच दिसत नाही. काही इंजिनांत सीलला केसच्या खोबणीत बसणारी कड असते. ते बाहेरून उचकून निघत नाही आणि बाहेरून ठोकून बसतही नाही, त्यासाठी केस उघडावीच लागते.

ब्लॉकच्या बुडाची खूण जाड काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर आठच्या आकड्यासारखा ब्लॉक फिरवत सपाट केली. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची तोंडे खाचेतल्या खिळ्यांवर, सर्क्लिप नव्या. हेडचे नट समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळले.

आणि मग कार्बोरेटर चढवण्याआधी पुन्हा रक्तदाबाचे यंत्र लावले. ३०० वर चढवून सहा मिनिटांनी काटा २९० वर होता.

मेन जेट मूळ मापाचे टाकले. हवा थांबल्यावर मोठे जेट ठेवले असते तर प्लग काळा पडला असता. ऑइल पंपाच्या नळीतले हवेचे बुडबुडे काढून, पंपाची केबल रेसबरोबर खुणेवर येते का ते तपासले. पहिल्या टाकीला पंप असूनही पेट्रोलमध्ये थोडे टू-टी (टू-स्ट्रोकचे) तेल मिसळले, कारण नळी भरेपर्यंत इंजिन कोरडे राहू नये. आता पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या कार्बोरेटरला थोडे पातळच पडते, म्हणून प्लगचा रंग पाहून कार्बोरेटरची निडल (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुई) एक खाच वर घेतली. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवतो. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि त्याचा पहिला त्रास पुन्हा बेअरिंगलाच होतो.

पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्याहून जास्त रेस दिली नाही आणि एकाच वेगावर सलग चालवली नाही. त्यानंतर एका सकाळी घोटीपर्यंत नेहमीच्या वेगाने गेलो, डावा हात सतत क्लचवर ठेवून, कारण पिस्टन धरू लागला की इंजिनाचा आवाज आधी घुसमटतो आणि त्याच क्षणी क्लच दाबला तर मागचे चाक लॉक होत नाही. तशी वेळ आली नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहून तापलेला प्लग काढला, त्याचे टोक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे होते. पुन्हा बसवून किक मारली, एकदा रेस देऊन सोडली, आणि आयडलिंग सोडल्याबरोबर खाली आले.